दिव्यांग प्रमाणपत्र नाकारलं? अपील करताना या चुका टाळा

दिव्यांगांची तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी सिव्हिलच्या आवारात दुपारपर्यंत थांबलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. "काय म्हणले डॉक्टर?" "म्हणले, बसत नाही." माणूस फाइल काखेत मारतो आणि निमूट गावाकडच्या एसटीत जाऊन बसतो.

पहिली चूक इथंच होते. 'बसत नाही', म्हणजे प्रमाणपत्राच्या निकषात येत नाही, हे तोंडी उत्तर झालं, आणि तोंडी उत्तरावर अपील लिहायचं कशाच्या जोरावर? दिव्यांग हक्क कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे अर्ज नाकारला तर त्याचं कारण लेखी कळवावं लागतं. ते पत्र मागून घ्या. टाळाटाळ झाली तर आवक शाखेत साधा अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पत्र हातात पडलं ती तारीख त्याच पाकिटावर लिहून ठेवा, कारण अपिलाला मुदत असते. 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली हा अपिलाचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. अपील कोणाकडे करायचं ते पत्रात नसेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात तेही लेखीच विचारा.

दुसरी चूक आम्ही स्वतः केलेली आहे. मामांना लकवा मारला आणि तीन महिन्यांतच आम्ही त्यांना बोर्डापुढं नेलं. नकार आला. मग मी अपील लिहायला बसलो आणि दीड पान भरून काढलं: दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन पाण्यात गेलं, घरात करतं माणूस नाही. सगळं खरं होतं, पण नकाराच्या कारणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मेंदू-मज्जातंतूच्या आजारात अपंगत्वाची मोजणी आजार सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांनी करतात, कारण तोवर हातापायात ताकद परत येऊ शकते. शिवाय मोजतात ते आजाराला नव्हे, त्यानं शरीरावर काय परिणाम ठेवला त्याला. आमचं उत्तर अपिलात नव्हतंच. सहा महिने थांबून, फिजिओथेरपीचे कागद घेऊन नव्यानं जाणं एवढंच करायचं होतं. ते कळायला एक हेलपाटा आणि एक दिवसाची मजुरी गेली.

म्हणून अपील लिहिण्याआधी नकाराचं कारण तीनदा वाचा आणि फक्त त्यालाच उत्तर द्या. 'कागद अपुरे' असं असेल तर कागद जोडा. 'टक्केवारी 40 पेक्षा कमी' असं असेल (सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं) तर मोजणीत काय सुटलं ते दाखवा. गुडघा किती अंशात वाकतो, स्नायूंची ताकद किती, हे सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोग तज्ज्ञाकडून ताज्या तारखेनं लिहून आणा. खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवर '60 टक्के अपंगत्व' एवढंच लिहून आणणारे खूप भेटतात. त्याला वजन नाही, टक्केवारी ठरवायचा अधिकार प्रमाणित करणाऱ्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याचाच.

आता थोडं कडू. काही नकार बरोबरही असतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत आहे, तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत त्याला 30 टक्के मिळतात. ऐकण्याचं कायद्यात दोन्ही कानांवर ठरतं: दोन्हींत 60 डेसिबलपासून पुढं घट हवी. एकच कान गेला असेल तर अपील टिकणं अवघड. आणि टक्के सरळ बेरजेनं वाढत नाहीत. पायाचे 30 आणि हाताचे 20 मिळून 50 होत नाहीत, सूत्रानं ते 43-44 च्या घरात येतात. पण दुसरं अपंगत्व तपासलंच गेलं नसेल तर मात्र अपिलात तोच मुद्दा सगळ्यात वर घ्या, कारण 30 वर अडकलेला माणूस त्यानं 40 पार करू शकतो.

बोर्डानं नेमकं काय मोजलं ते कळत नसेल तर माहिती अधिकारात स्वतःच्या तपासणीची प्रत मागा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अपिलाची मुदत त्यासाठी थांबत नाही, तेव्हा दोन्ही कामं एकाच वेळी लावा.

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज जिथं भरतात त्या सरकारी पोर्टलवरच्या चुका किरकोळ दिसतात पण माणसाला पार दमवतात. आधारवरचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं. सेतूवाल्यानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला, म्हणजे तपासणीच्या तारखेचा मेसेज त्याच्याकडं. अर्ज भरताना शेजारी बसा.

"बसवून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर दुरूनच नमस्कार करा. दिव्यांगांच्या सवलती खोटेपणानं घेतल्या तर कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि कागदावर नाव तुमचं असतं, त्याचं नाही. नकार लपवून दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा अर्ज टाकणं हाही शहाणपणा नव्हे.

कार्डाबद्दल दोन गोंधळ. यूडीआयडी कार्ड पांढरं आलं म्हणजे अर्ज फेटाळला असं नाही. पांढरं 40 टक्क्यांखाली, पिवळं 40 ते 80 च्या मधलं, निळं 80 आणि त्यापुढचं. मात्र एसटीची सवलत असो की निराधारचा पगार, तिथं 40 लागतात, म्हणून पांढरं कार्ड चुकीचं वाटलं तर त्याविरुद्धही अपील करा. दुसरा गोंधळ गाडीवाल्यांचा: दुकानातून आणलेलं व्हीलचेअरचं स्टिकर काचेवर लावलं म्हणजे राखीव पार्किंगचा हक्क मिळाला असं होत नाही. ती जागा 3.6 मीटर रुंद ठेवायला सांगितलेली आहे ती गाडीचं दार पूर्ण उघडून बाजूला खुर्ची लावता यावी म्हणून. वॉचमननं अडवलं तर स्टिकरकडं बोट दाखवू नका, खिशातलं कार्ड काढा.