जुन्या वादकाच्या आठवणी रेकॉर्ड करताना
वांद्र्यातल्या घरी जुन्या वादकाकडून जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संगीत क्लबांच्या आठवणी टिपायच्या, तर आधी पंखा बंद करा. त्याची घरघर नंतर काढायला गेलं की माणसाचा आवाजही पोकळ होतो. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. फाइल २४ बिट वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी.

साल थेट विचारू नका. पासपोर्टवरचे शिक्के आणि फोटोंची मागची बाजू पाहा. ‘१९६० ला स्टार-क्लबात वाजवलं’ असं ऐकलं, तरी मध्येच टोकू नका. तो क्लब १३ एप्रिल १९६२ ला उघडला. आठवण कदाचित तिथल्याच कैसरकेलर या आधीच्या क्लबची असेल. ‘अंकल, स्टेजवर जायचा रस्ता कुठून होता?’ असं विचारा, जागा आपोआप उलगडते.

शेवटी गिटार मांडीवर द्या, रेकॉर्डर चालूच ठेवा. बोटांना कॉर्ड सापडली की त्या रात्रीचं गाणं आठवतं.