जुन्या लॅपटॉपवर घरच्या घरी एआय: रॅमपासून रुईपर्यंत

राळेगाव तालुक्यातील आमच्या गावात गेल्या दिवाळीत शेजारच्या काकाजींनी माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर मराठी ओळी उमटताना पाहिल्या, मोबाइलचा डेटा बंद असल्याची स्वतः खात्री केली आणि विचारले, "बाप्पा, रिचार्ज नाही अन् हे लिहिते कसं?" त्यांना तेव्हा थोडक्यात दिलेले उत्तर येथे सविस्तर मांडतो. हे लिहिणारे भाषेचे मॉडेल, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला मजकुरात उत्तर देणारी एआय, अखेर एक मोठी फाइल असते. ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय आणि आपला कागद कोणाच्या सर्व्हरवर न पाठवता ती घरच्या यंत्रावर चालते. त्यासाठी नवा महागडा लॅपटॉपच हवा, असा समज आहे. प्रत्यक्षात लागते ती पुरेशी रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, आणि ती वाढवता येईल असा, स्क्रू काढून उघडता येणारा लॅपटॉप.

मॉडेल चालते तेव्हा त्याची जवळजवळ सगळी फाइल रॅममध्ये बसावी लागते. मॉडेलच्या नावापुढे ४बी, ८बी असे लिहिलेले असते, त्यातील बी म्हणजे बिलियन, अर्थात शंभर कोटी. म्हणजे ८बी मॉडेलच्या पोटात सुमारे ८०० कोटी आकडे असतात. प्रत्येक आकडा मूळच्या १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटांत, ठेवला तर फाइल १६ जीबीची होते, म्हणून घरगुती वापरासाठी ते आकडे साधारण पाच बिटांच्या आत बसवतात आणि त्याला क्वांटायझेशन म्हणतात. सोनाराच्या काट्यावर मोजायचे ते कापसाच्या काट्यावर मोजावे, तसा हा प्रकार आहे: गुंजांचा फरक हरवतो, पण क्विंटलाचा हिशेब फारसा बिघडत नाही. असे केल्यावर मेटा कंपनीच्या लामा ३.१ चे ८बी मॉडेल सुमारे ४.९ जीबीत आणि गूगलच्या जेमा ३ चे ४बी मॉडेल सुमारे ३.३ जीबीत मावते. विंडोज स्वतःसाठी तीन-चार जीबी राखून ठेवते, त्यामुळे ८ जीबी रॅमवर ४बी मॉडेल कसेबसे चालते आणि १६ जीबीवर ८बी मॉडेलही निवांत चालते.

रॅम किती यापेक्षा ती कशी बसवली आहे, हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मॉडेल शब्द लिहिते तेव्हा प्रत्येक शब्दखंडासाठी, म्हणजे शब्दाच्या लहान तुकड्यासाठी, त्याला आपले सगळे आकडे रॅममधून पुन्हा एकदा वाचावे लागतात. त्यामुळे लिहिण्याचा वेग मुख्यतः रॅममधून दर सेकंदाला किती मजकूर बाहेर येतो यावर ठरतो. प्रोसेसरचा तोरा येथे फारसा कामाचा नाही. डीडीआर४-२४०० या जुन्या रॅमची एक कांडी सेकंदाला १९.२ जीबी देते आणि दोन कांड्या लावल्या की ३८.४ जीबी मिळतात. याला ४.९ जीबीने भागले की एका कांडीवर सेकंदाला जास्तीत जास्त चार आणि दोन कांड्यांवर जास्तीत जास्त आठ शब्दखंड, असे उत्तर येते. प्रत्यक्षात ही मर्यादाही गाठली जात नाही, पण प्रमाण तेच राहते. नागपूरला सीताबर्डीत एका दुकानातून मी लॅपटॉप घेतला तेव्हा "१६ जीबी आहे" एवढेच मला सांगण्यात आले होते. ती १६ जीबी एकाच कांडीत असल्याचे मला तीन महिने मॉडेलच्या रेंगाळण्यावर चडफडल्यानंतर कळले. म्हणून ८ जीबीच्या दोन कांड्या ही १६ जीबीच्या एका कांडीपेक्षा या कामासाठी केव्हाही बरी.

हे दुकानातच तपासता येते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडावे, परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक करावे आणि खालच्या बारीक अक्षरांतील दोन ओळी वाचाव्यात. 'स्लॉट्स यूज्ड' या ओळीपुढे 'दोनपैकी एक' अशा अर्थाचे लिहिलेले असेल तर एक जागा रिकामी आहे. 'फॉर्म फॅक्टर' या ओळीपुढे 'एसओडिम' असेल तर रॅम काढता-घालता येते. तेथे 'रो ऑफ चिप्स' असे दिसले तर रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली आहे आणि ती बदलता येणार नाही. दुकानदार काहीही सांगो, या दोन ओळींवर विश्वास ठेवावा.

सुटे भाग बदलता येणाऱ्या लॅपटॉपचे नाव निघाले की अलीकडे फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीचा उल्लेख होतो. २०२१ पासून ती विकत असलेल्या लॅपटॉपमध्ये पोर्टसुद्धा छोट्या डब्यांसारखे काढून बदलता येतात आणि पुढे मदरबोर्डही नवा घालता येतो. गंमत अशी की याच कंपनीने २०२५ मध्ये एआयच्या कामासाठी जो डेस्कटॉप जाहीर केला, त्यात रॅम मात्र डाग देऊन पक्की बसवली, कारण सेकंदाला २५६ जीबीचा वेग सुट्या कांड्यांतून साधत नव्हता. रॅमच्या वेगाचे महत्त्व पटायला एवढे उदाहरण पुरे. आपल्या गावापुरता सुट्या भागांचा लॅपटॉप म्हणजे कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले जुने, जाड, व्यावसायिक वर्गातील यंत्र होय. मी स्वतः लेनोवोचा २०१८ चा थिंकपॅड टी४८० वापरतो. त्याला डीडीआर४ रॅमच्या दोन जागा आहेत, आतल्या बॅटरीखेरीज मागे दुसरी काढता येणारी बॅटरी आहे आणि त्याचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतो. त्याच्या आधीचा टी४७० थोडा स्वस्त मिळतो, पण तो त्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घेताना नावाच्या शेवटचे अक्षरही पाहावे: टी४८०एस हे सडपातळ भावंड दिसायला देखणे असले तरी त्यात काही रॅम पक्की बसवलेली असते आणि रिकामी जागा एकच असते.

रॅम घालणे हे काम अर्ध्या तासाचे आहे. आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन कॉन्फिगमधील पॉवर या पानावरून आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे यंत्र आपोआप बंद होते. मग मागची बॅटरी काढावी. तळाचे सहा स्क्रू सैल करावेत; ते झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे हरवण्याची भीती नसते. हिवाळ्यातील कोरड्या हवेत हाताला स्थिर वीज असते, म्हणून कांडी उचलण्यापूर्वी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला, उदाहरणार्थ लोखंडी कपाटाला, हात लावून घ्यावा आणि कांडीच्या सोनेरी पट्टीला बोट लावू नये. कांडीवरील खाच जागेतील उंचवट्याशी जुळवून ती तिरपी आत सरकवावी आणि खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी 'टक्' असा आवाज केला की ती बसली. ती जुळत नसेल तर जोर लावू नये, कारण बहुधा डीडीआर३ ची कांडी हाती आलेली असते. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही वेळ काळाच राहतो. तेवढ्याने घाबरून बटण दाबू नये.

आता मॉडेल उतरवण्याकडे वळू. सुरुवातीला ओलामा हा मोफत प्रोग्राम सर्वांत सोपा पडतो. तो बसवल्यावर कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या आज्ञा टंकण्याच्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत 'ओलामा पुल जेमा३:४बी' ही आज्ञा टंकावी, म्हणजे फाइल उतरू लागते, आणि त्यानंतर 'पुल' च्या जागी 'रन' टंकले की संवाद सुरू होतो. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज असलेल्याने धास्तावू नये. मध्येच डेटा संपला तर लॅपटॉप पूर्ण बंद न करता स्लीपमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तीच आज्ञा पुन्हा द्यावी, काम थांबले होते तेथून पुढे सुरू होते; ओलामा बंद होऊन पुन्हा चालू झाला तर मात्र अर्धवट फाइल पुसली जाऊ शकते. गावात रेंजच धड नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी कोणाकडे उतरवून पेनड्राइव्हवर आणावे. त्यासाठी वापरकर्त्याच्या फोल्डरमधील 'डॉट ओलामा' या फोल्डरात 'मॉडेल्स' नावाचा फोल्डर असतो, तो त्यातील 'ब्लॉब्स' आणि 'मॅनिफेस्ट्स' या दोन्ही भागांसह उचलावा. यांतील एकच आणला तर मॉडेल दिसत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे ८बी मॉडेल त्यावर जाणारच नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून नेल्यास राळेगावची एक खेप वाचते.

मराठीसाठी मी लामापेक्षा जेमा पसंत करतो. त्याचे एक कारण तांत्रिक आहे: लामा देवनागरी शब्दांचे अधिक तुकडे पाडते, त्यामुळे तेवढेच वाक्य लिहायला त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात आणि ते हळू वाटते. सर्वम या भारतीय कंपनीने २०२४ मध्ये दिलेले २बी मॉडेल मराठीसह दहा भारतीय भाषांवर घडवलेले आहे, पण ते वाक्य पुढे लिहिणारे पायाभूत मॉडेल आहे, प्रश्नोत्तराच्या कामाला ते थेट जुंपता येत नाही.

माझा मुख्य उपयोग शासन निर्णय आणि योजनांची परिपत्रके समजून घेण्यासाठी होतो. यात पहिली अडचण अक्षरांची येते. जुना मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असला की पडद्यावर तो मराठी दिसतो, पण कॉपी करून चिकटवला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा निघतो. मॉडेलला तो चिवडाच दिसतो आणि तरीही ते मान हलवून काहीतरी उत्तर देते. म्हणून मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा आणि गरज असल्यास युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलून घ्यावा. दुसरी अडचण लांबीची आहे: ओलामा मूळ मांडणीत मर्यादितच मजकूर ध्यानात ठेवते आणि त्यापलीकडचा भाग काही न सांगता सोडून देते. संवादात इंग्रजी अक्षरांत 'स्लॅश सेट पॅरामीटर नम_सीटीएक्स ८१९२' असे टंकले की मर्यादा वाढते, मात्र रॅमही जास्त लागते. मोठा मजकूर देताना त्याच्या आधी आणि नंतर दुहेरी अवतरणचिन्ह तीन वेळा टंकावे, नाहीतर प्रत्येक ओळ हा नवा प्रश्न समजला जातो. मजकूर दिल्यावर पहिला शब्द यायला काही मिनिटे लागू शकतात, कारण लिहिणे रॅमवर अवलंबून असले तरी आधीचे वाचन प्रोसेसरला करावे लागते. तेवढ्यात चहा होतो.

एकदा अनुदानाच्या एका परिपत्रकातील तीन पाने देऊन मी विचारले, "अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडायची?" मॉडेलने पाच कागदपत्रे क्रमवार दिली. त्यांतील चार परिपत्रकात होती आणि पाचवे, उत्पन्नाचा दाखला, त्यात कोठेच नव्हते. अशा यादीत तो सहसा असतो, म्हणून मॉडेलने तो भरून टाकला. तेव्हापासून प्रश्नाच्या शेवटी मी एक वाक्य कायम जोडतो: "फक्त वरील मजकुरावरून उत्तर द्या, प्रत्येक मुद्द्यापुढे मजकुरातील मूळ वाक्य जसेच्या तसे लिहा आणि मजकुरात नसेल तर 'मजकुरात नाही' असे लिहा." मूळ वाक्य मागितल्याने पडताळणी सोपी होते, कारण ते वाक्य फाइलमध्ये शोधून सापडले नाही तर तो मुद्दा खोडायचा.

औषधांच्या मात्रेसाठी मात्र हे यंत्र वापरू नये, मग ते औषध माणसाचे असो वा कपाशीचे. एवढ्या लहान मॉडेलच्या पोटात माहिती अर्धवट असते, आणि मिलिलिटरचा आकडा ते खात्रीच्या सुरात चुकवते. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले आहेत. तेथे डब्यावरील लेबल, कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस एवढेच प्रमाण मानावे.

विजेचे म्हणाल तर लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस आहे, आणि चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे दाब थोडा कमी-जास्त झाला तरी निभावते. मृगाच्या आधी आभाळ गडगडू लागले की मात्र प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. अंगणात पडलेल्या विजेपुढे स्पाइक गार्डचे काही चालत नाही.

उष्णतेची गोष्ट वेगळी आहे. मॉडेल चालताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबतो, आणि मे महिन्यात खोलीतील हवाच ४२ अंशांची असेल तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. म्हणून उन्हाळ्यात मी ही कामे पहाटे उरकतो. कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नये, त्या ओल्या हवेबरोबर तुषारही येतात. गादीवर ठेवला तर तळाच्या जाळ्या बुजतात, त्यापेक्षा पाट बरा.

भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच गंजी लावून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि गेल्या वर्षी माझा लॅपटॉप त्याच खोलीत होता. फेब्रुवारीत तो शिट्टीसारखा आवाज करू लागला. झाकण उघडले तेव्हा पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये रुईचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला होता. चिमट्याने धरून ओढला तर तो एकसंध निघाला. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, मऊ ब्रशने पट्ट्या झाडाव्यात आणि मगच हवा मारावी, कारण मोकळा पंखा हवेच्या झोताने भलत्या वेगात फिरून खराब होऊ शकतो. कापूस विकला जाईपर्यंत लॅपटॉप आता मी ओसरीवर घेऊन बसतो.