हिजाबातल्या मॉडेलचा कपडेपट: करारापासून भाषणाच्या मंचापर्यंत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट क्लाउडच्या हलीमा आदेनने 2016 मध्ये ‘मिस मिनेसोटा यूएसए’ स्पर्धेत हिजाब घातला आणि पोहण्याच्या पोशाखाच्या फेरीत बुर्किनी, म्हणजे पोहायचा अंगभर पोशाख. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत जन्मलेली ही सोमाली मुलगी 2017 मध्ये आयएमजी या बड्या मॉडेलिंग एजन्सीत गेली, तीही हिजाब उतरवणार नाही असं करारात लिहून घेऊन. नोव्हेंबर 2020 मध्ये तिने हे काम सोडलं. हिजाब शूटागणिक आक्रसत गेला, हे तिने सांगितलेल्या कारणांपैकी एक. एका जाहिरातीत तर तिच्या डोक्याला चक्क जीन्स गुंडाळली होती.

कपडेपट सांभाळणाऱ्याने यातून एवढं घ्यावं की ‘हिजाब राहील’ हे दोन शब्द पुरत नाहीत. अंगभर पोशाख आधी कागदावर ठरतो, मग कात्रीखाली. सेटवर टाचणी लावून तो साधत नाही.

आधी कागद

करारात अवयवांची नावं घालून लिहा. केस, कान, मान, मनगटापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय, यातलं काय झाकलेलं राहील ते स्पष्ट असावं. डोक्यावर फक्त डोक्यासाठी विणलेलं कापड येईल, दुसरी वस्तू नाही, हेही लिहा. पगडीसारखं मागे बांधलेलं कापड चालेल का, हा प्रश्न वेगळा विचारायचा, कारण त्यात कान आणि मान उघडी पडते. काही जणींना ते पोलोनेकवर, म्हणजे मान झाकणाऱ्या उंच गळ्याच्या सदऱ्यावर, चालतं, काहींना अजिबात नाही. अंदाज बांधू नका.

पुढची दोन कलमं बहुतेक जण विसरतात. फोटोवर संगणकात काम करताना बाही आखूड करणार नाही, गळा खाली ओढणार नाही, केसांची बट रंगवणार नाही. आणि पडद्याआडचे फोटो काढणाऱ्याला कपडे बदलायच्या जागेत प्रवेश नाही.

कपडे बदलायला चारही बाजूंनी बंद आडोसा हवा, हा आदेनचा आग्रह असे. तिच्यानंतर आलेल्या हिजाबी मॉडेलना मात्र ‘बाथरूम शोध’ म्हणून सांगितलं जातं, हे तिने पाहिलं आणि बोलूनही दाखवलं. आडोसा किमान दीड मीटर बाय दीड मीटरचा ठेवा, म्हणजे ड्रेसर बाईही आत उभी राहू शकते. पडदा जमिनीला टेकणारा आणि जाड हवा. दिवा आत लावू नका. आत दिवा आणि बाहेर अंधार असला की पडद्यावर सावली पडते आणि आडोशाला अर्थ राहत नाही. दिवा बाहेर, उंचावर ठेवा.

रुमाल: किती, कोणते

कारकिर्दीच्या सुरुवातीला आदेन स्वतःचे हिजाब, लांब झगे आणि स्कर्ट भरलेली सुटकेस प्रत्येक शूटला घेऊन जायची. ती वेळ मॉडेलवर येऊ देऊ नका. एका दिवसाच्या कामाला प्रत्येक पोशाखामागे एक रुमाल, म्हणजे हिजाबाचं डोक्याला गुंडाळायचं कापड, आणि त्याच रंगाचा एक जादा धरा, कारण फाउंडेशनचा डाग पडतोच. वर काळा, राखी आणि मातकट असे तीन राखीव. इनर कॅप, म्हणजे रुमालाखाली घालायची टोपी, निदान चार, कारण घामाने भिजलेली टोपी सुकल्याशिवाय पुन्हा घालता येत नाही.

लांबट रुमाल साधारण 180 बाय 70 सेंटिमीटरचा घ्या. जॉर्जेट आणि शिफॉन कॅमेऱ्यात सुंदर पडतात, पण घसरतात, म्हणून त्यांच्याखाली सुती इनर कॅप हवीच. साटनची टोपी आणि वर शिफॉन ही जोडी दहा मिनिटंही टिकत नाही. जर्सी विणीचा रुमाल टाचणीशिवाय बसतो. चालणं, नाचणं, विमानतळ यासाठी तोच बरा. मोडाल किंवा व्हिस्कोज हा मधला मार्ग.

चुंबकाच्या टाचण्यांनी कापडाला भोक पडत नाही, पण अंगात पेसमेकर असणाऱ्या व्यक्तीला त्या लावू नका. साध्या टाचणीचं टोक नेहमी बाहेरच्या बाजूला, गळ्यापासून दूर वळवा.

क्रम असा: केस मानेवर सैल अंबाड्यात, मग टोपी, मग मेकअप पूर्ण करून पावडर, मग पोशाख आणि सर्वांत शेवटी रुमाल. अंबाडा फार वर बांधला तर बाजूने पाहताना डोकं लांबुळकं दिसतं. वेळापत्रकात रुमालाला बारा मिनिटं राखून ठेवा. ‘तीन मिनिटांत होईल’ म्हणणाऱ्याने जॉर्जेट बांधलेलं नसतं.

रॅम्पवर झटपट कपडे बदलायचे असतील तर डोक्यातून घालायचा पोशाख टाळा, नाहीतर दर वेळी रुमाल सोडून पुन्हा बांधावा लागेल. पुढून उघडणारा किंवा पायातून चढवायचा आणि मागे चेन असलेला हवा.

कापणी आणि बदल

डिझायनरकडून येणारे नमुन्याचे कपडे बहुधा बिनबाहीचे, खोल गळ्याचे, मांडीपर्यंत चिरलेले असतात. ते अंगभर करताना पहिली चूक होते अंगाच्या रंगाचं अस्तर लावण्याची. डोळ्याला ते झाकलेलं वाटतं, कॅमेऱ्याला ते उघडं अंग दिसतं. अस्तर किंवा आतला पोलोनेक पोशाखाच्याच रंगाचा, किंचित गडद आणि चमक नसलेला घ्या.

बाहीचं माप कोपर वाकवून घ्यायचं आणि मनगटाच्या हाडापुढे 2 सेंटिमीटर सोडायचे. तरीही हात वर केला की बाही मागे जातेच, त्यासाठी आतून इलॅस्टिकची अरुंद बाही जोडा. हात उचलल्यावर सगळा झगाच वर ओढला जात असेल तर दोष बाहीत नसून काखेत आहे. तिथे 10 बाय 10 सेंटिमीटरची चौकोनी कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, घाला.

मनगटापुढच्या त्या दोन सेंटिमीटरना किंमत आहे. बाकी सगळं झाकलेलं असताना चेहरा आणि हात एवढंच बोलतं. फ्रान्सच्या सिनेटने 18 वर्षांखालच्या मुलींना सार्वजनिक जागी हिजाब घालायला बंदी करण्याच्या बाजूने मत दिलं, तेव्हा 2021 मध्ये सोमाली-नॉर्वेजियन मॉडेल रौदा मोहम्मदने तळहातावर ‘माझ्या हिजाबाला हात लावू नका’ अशा अर्थाची ओळ लिहून फोटो टाकला आणि तो जगभर गेला. त्याच वर्षी ती ‘व्होग स्कँडिनेव्हिया’ची फॅशन संपादक झाली.

चिरलेल्या घेराला कळी भरा, टाके घालून बंद करू नका. सरळ झग्याचा खालचा घेर दीड मीटरपेक्षा कमी झाला की पाऊल अडकतं, मॉडेल छोटी पावलं टाकू लागते आणि कापड गुडघ्यावर ताणतं. 160 ते 180 सेंटिमीटर ठेवा. झग्याची उंची पायात बूट घालूनच मोजा. फोटोसाठी जमिनीपासून 1 सेंटिमीटर वर चालेल, चालायचं असेल तर 3.

शेवटी चार परीक्षा: उभं राहणं, खाली बसणं, वाकणं आणि दोन्ही हात वर. त्यानंतर मागे दिवा ठेवून एक फोटो फ्लॅशने, एक फ्लॅशशिवाय. खोलीतल्या उजेडात गच्च वाटणारं कापड फ्लॅशमध्ये जाळीसारखं उघडं पडतं, आणि हे कळायची योग्य वेळ आदल्या दिवशीची.

दिराअ: सणाचा झगा मंचावर आणताना

सोमाली समारंभाचा पोशाख म्हणजे दिराअ. रोमन लिपीत शेवटी ‘सी’ लिहितात, पण तो ‘क’ नाही, घशातून येणारा ‘अ’ आहे. ‘दिराक’ म्हटलंत तर समोरची हसेल. झगा पातळ व्हॉईलचा, खाली काठाला सजवलेला गोगरद म्हणजे परकर, आणि खांद्यावर गरबसार. सोमालीत ‘गरब’ म्हणजे खांदा. लग्न झालेल्या बायका डोक्याला शाश बांधतात. घरात घालायचा सुती झगा तो बाती, आणि एका खांद्यावर गाठ मारून नेसायचं लांब कापड ते गुंतीनो.

दिराअ शिवायला सोपा आहे. पन्हा 58 इंच असेल आणि खांदा ते जमीन 56 इंच, तर दुप्पट 112 आणि खालच्या दोन्ही काठांच्या दुमडीचे मिळून 4, म्हणजे 116 इंच: सव्वातीन वार. कापड आडवं दुमडा, दुमड खांद्यावर येऊ द्या. गळा 7 इंच रुंद, पुढे 5 आणि मागे 1 इंच खोल. दुमडीपासून 12 इंच हातासाठी सोडून खाली दोन्ही बाजू किनारीलगत शिवा. पन्ह्याचा अर्धा भाग 29 इंच, म्हणून कापड जवळजवळ मनगटापर्यंत पोचतं. 44 इंची पन्हा घेतला तर 22 इंचांत ते कोपराच्या आसपासच संपतं, वेगळी बाही जोडावी लागते आणि पोशाखाची सगळी पडण बिघडते. सुई 9 किंवा 11 नंबरची. जाड सुईने व्हॉईलचा धागा ओढला जातो. गळ्याला सव्वा इंची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा. नुसता पिको केलात तर गळा पसरतो आणि खांद्यावरून उतरतो.

झग्याचा जादा घेर कमरेला बाजूने उचलून गोगरदात खोचतात, म्हणजे परकराचा काठ दिसतो. म्हणून नेफ्यात नाडीच घाला. इलॅस्टिक खोचलेल्या कापडाच्या ओझ्याने सरकतं.

मुळात दिराअ पारदर्शक असतो. बायकांच्या मेजवानीत त्यात काही वावगं नाही, तिथे तो तसाच शोभतो. अडचण होते ती तोच झगा सर्वांसमोर, दिव्यांखाली घातला जातो तेव्हा. मंचासाठी आत त्याच रंगाचा पूर्ण बाह्यांचा, गळाबंद अस्तराचा सदरा शिवा आणि तो झग्याला फक्त खांद्यावर दोन टाक्यांनी अडकवा. सगळीकडे जोडला की व्हॉईलची हालचाल मरते, आणि दिराअचं सौंदर्य हालचालीतच आहे.

मॉडेल राजकारणात गेल्यावर काय बदलतं

मोगादिशूत जन्मलेल्या इल्हान ओमर मिनेसोटातून 2018 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आल्या, तेव्हा सभागृहात डोक्यावर टोपी वगैरे घालायला मनाई होती. नियम 1837 चा. जानेवारी 2019 मध्ये नव्या सभागृहाने धार्मिक शिरोवस्त्राला सूट दिली. तेव्हा कोणत्याही सभागृहात, न्यायालयात किंवा मतमोजणीच्या जागी जाण्याआधी तिथला पोशाखाचा नियम लेखी मागवा. धातूशोधक दारातून जायचं असेल त्या दिवशी बिनटाचणीचा जर्सी रुमाल.

कॅमेऱ्यासाठी पांढराशुभ्र रुमाल टाळा. सावळ्या चेहऱ्याभोवती पांढरं असलं की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मोतिया, राखी किंवा विटकरी घ्या. बारीक चौकडी टीव्हीवर लहरते.

माइक रुमालाच्या आत लावू नका: आवाज दबतो आणि मान वळली की खरखर ऐकू येते. रुमालाची टोकं जॅकेटच्या आत खोचा, माइक बाहेर जॅकेटच्या काठावर, छातीच्या मध्यावर लावा. तार आतून न्यायला आवाज विभागातली बाई मागा. कानात ऐकण्याचं यंत्र असेल तर त्या बाजूला कापडाचा एकच पदर ठेवा. मिनेसोटाच्या कोरड्या थंडीत लोकरीच्या कोटावर पॉलिस्टरचा रुमाल चिकटून बसतो, तिथे सुती किंवा व्हिस्कोज बरा.

सर्वांत मोठा फरक पैशांत पडतो. मॉडेलला डिझायनर कपडे भेट देतात, ते कामाचाच भाग. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला मात्र, नेहमीच्या सवलती सोडल्या, तर एका वेळी 50 डॉलरपेक्षा कमी आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षाला 100 डॉलरपेक्षा कमी किमतीचीच भेट घेता येते. फुकट वापरायला दिलेला कपडाही भेटीतच धरला जाऊ शकतो. उमेदवार असताना कंपनीने वस्तूरूपाने दिलेली मदत म्हणजे देणगी, आणि संघराज्याच्या निवडणुकीत कंपन्यांना उमेदवाराला देणगी द्यायला बंदी आहे. प्रचाराच्या पैशातून स्वतःचे कपडे घेणंही बसत नाही; प्रचाराचे टी-शर्ट, टोप्या अशा किरकोळ वस्तू तेवढ्या चालतात. म्हणून मॉडेलिंगच्या काळातली कपाटं उमेदवारीआधी मोजून घ्या आणि नव्या प्रत्येक कपड्याची वहीत नोंद ठेवा: तारीख, वस्तू, कोणाकडून, बाजारभाव, पैसे कोणत्या खात्यातून गेले आणि पावतीचा क्रमांक.