फोर्झा होरायझन 5: ए क्लासची गाडी नेमकी 800 वर कशी बसवायची

गाड्यांच्या शर्यतीच्या या व्हिडिओ गेममध्ये गाडीची पत एका आकड्यावर ठरते, तो म्हणजे पी.आय. (परफॉर्मन्स इंडेक्स). 701 ते 800 हा ए क्लास. 801 झाला की गाडी एस1 मध्ये गेली. 785 वर ठेवलीत, तर 15 पॉइंट समोरच्याला फुकट दिलेत. ऑटो अपग्रेड एका बटणावर आकडा गाठून देतं, पण ट्रॅक कसला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून पार्ट हातानेच निवडा.

बहुतेक जण आधी इंजिनात हात घालतात आणि तिथेच फसतात. टर्बो बसवून पी.आय. संपतो, टायर मात्र कंपनीचेच राहतात. मग पहिल्याच वळणावर गाडी सरळ कुंपणात. डांबरी शर्यतीसाठी सुरुवात टायर कंपाउंडपासून, म्हणजे टायरच्या रबराच्या प्रकारापासून करा. ए क्लासला स्पोर्ट टायर बहुतेक वेळा पुरतात, गाडी जड असेल तर त्याहून जास्त पकडीचे सेमी-स्लिक बघा. पूर्ण स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले शर्यतीचे टायर, या क्लासमध्ये फार पी.आय. खातात. त्यानंतर वजन कमी करा. मग रेस सस्पेन्शन, रेस अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) आणि रेस डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग). यांना पी.आय. फारसा लागत नाही, आणि ते बसवल्याशिवाय ट्यूनिंगमधले त्यांचे स्लायडर उघडतच नाहीत. गिअरबॉक्स स्पोर्ट असला तरी फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना एकत्र लागू होणारं गुणोत्तर) बदलता येतो; एकेक गिअर वेगळा लावायचा असेल तरच रेस घ्या.

उरलेला पी.आय. इंजिनाला. इंजिन स्वॅप करताना, म्हणजे मूळ इंजिन काढून दुसरं बसवताना, नुसती हॉर्सपॉवर बघू नका, पुढच्या चाकांवरच्या वजनाची टक्केवारी बघा. पुढे जड इंजिन आलं की गाडी वळायला कुरकुर करते. ऑल-व्हील ड्राइव्हने स्टार्ट झकास मिळतो, पण वजन आणि पी.आय. दोन्ही वाढतात.

आकडा 797 वर अडकला, तर रिम, पुढच्या टायरची रुंदी, फ्लायव्हील अशा किरकोळ पार्टांशी खेळा. 802 झाला, तर एखादा पार्ट एक पायरी खाली आणा, उदाहरणार्थ स्पोर्टऐवजी स्ट्रीट एक्झॉस्ट.

आता ट्यूनिंग. टायरची हवा 28-29 पीएसआयपासून सुरू करा, दोन लॅप मारा आणि टेलिमेट्रीत (गाडी चालताना पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत) तापलेल्या टायरचं प्रेशर बघा. 32 ते 34 च्या आसपास असलं की ठीक. अँटी-रोल बारचा स्लायडर 1 ते 65 असतो. त्यासाठी जुना हिशोब आजही चालतो: 64 गुणिले वजनाचा वाटा, अधिक 1. पुढे 53 टक्के वजन असेल तर पुढचा बार साधारण 34.9, मागचा 31.1. स्प्रिंगलाही हेच: स्लायडरचं कमाल वजा किमान, गुणिले वाटा, अधिक किमान. ही फक्त सुरुवात, पुढचं गाडी सांगते.

वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर जाते? पुढचा बार चार-पाच पॉइंट मऊ करा. रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी वळणातून निघताना थ्रॉटल दिल्यावर गरकन फिरते? डिफरेन्शियलचं अॅक्सिलरेशन स्लायडर कमी करा. फार कमी केलंत तर आतलं चाक नुसतं गरगरेल, मग थोडं परत वाढवा. सरळ रस्ता संपायच्या आत शेवटच्या गिअरमध्ये इंजिन लिमिटरला (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) लागत असेल, तर फायनल ड्राइव्ह 'स्पीड'कडे सरकवा. शेवटचा गिअर पडतच नसेल तर उलट. एका वेळी एकच स्लायडर हलवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

रंगकाम सगळ्यात शेवटी. बॉडी किट, बंपर किंवा विंग नंतर बदललंत, तर आधी लावलेली व्हायनल (गाडीवरची चित्रं) जागेवरून हलतात आणि पुन्हा बसवायची मेहनत डोक्यावर येते. शिवाय रेस विंगने पी.आय.सुद्धा बदलतो, त्यामुळे ती लावायची का नाही हे 800 चा हिशोब करतानाच ठरवा.