ब्राउझर अपडेट झाला, पण पुन्हा सुरू केला का?

पंचवटीतील एखाद्या ट्रॅव्हल्सच्या कार्यालयात संगणक रात्री बंद केला जात नाही. सकाळी माऊस हलवला की आदल्या दिवशीचे तीस-चाळीस टॅब जसेच्या तसे समोर येतात आणि उजव्या कोपऱ्यातील अपडेटची खूण आठवडाभर तशीच राहते. दुरुस्ती संगणकात येऊन पडलेली असते, परंतु ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ती लागू होत नाही.

ही दिरंगाई महाग पडू शकते. सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका सामायिक कोडमध्ये गंभीर त्रुटी आढळली आणि तोच कोड वापरणाऱ्या क्रोम, फायरफॉक्स व एज या तिन्ही ब्राउझरना दुरुस्ती काढावी लागली. मुद्दाम बिघडवलेले चित्र पानावर नुसते दिसणेही धोक्याचे होते, त्यासाठी कुठे क्लिक करण्याची गरज नव्हती. शिवाय दुरुस्ती जाहीर झाली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक नेमके कुठे होते हे हल्लेखोरांनाही कळते, त्यामुळे मागे राहिलेल्यांचा धोका त्यानंतर उलट वाढतो.

क्रोममध्ये उजवीकडील तीन टिंबांवर क्लिक करून ‘मदत’ आणि त्यानंतर ‘गुगल क्रोमविषयी’ उघडावे. तपासणी आपोआप सुरू होते, ती संपल्यावर ‘रिलाँच’ दाबावे. नेहमीचे टॅब परत येतात, इन्कॉग्निटोतील (इतिहास न ठेवणाऱ्या खासगी खिडकीतील) येत नाहीत. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र आधी पूर्ण करून सबमिट करावा. अँड्रॉइड फोनवर हे काम प्ले स्टोअरमधून होते. विंडोज 7 वर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती होती, म्हणून अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्राउझर अद्ययावत असला तरी फसवे संकेतस्थळ फसवतेच, कारण तिथे भोक ब्राउझरमध्ये नसून आपल्या घाईत असते. 2027 च्या सिंहस्थासाठी तपोवन किंवा रामकुंडाजवळ खोली शोधणाऱ्याने पत्ता मोबाइलवरही पूर्ण उघडून पाहावा: सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच आधीचे शब्द वाचावेत. ‘जीओव्ही डॉट इन’ तिथे शेवटी आणि त्याच्या लगेच आधी टिंब असेल, तर ते सरकारी. मधे कुठे तरी असेल, तर खरा मालक त्यापुढच्या नावाचा. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये, ते केवळ देवाणघेवाण सांकेतिक असल्याचे सांगते आणि भामट्यालाही फुकट मिळते.

‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथून डाउनलोड करा’ असे एखादे पानच सांगू लागले, तर ते पान तत्काळ बंद करावे. ‘रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ हीदेखील नोटिफिकेशनची परवानगी लाटण्याची युक्ती आहे. चुकून दिली असल्यास साइट सेटिंग्जमधून ती काढता येते.

अशा पानावरून डाउनलोड झालेली फाइल उघडलीच गेली असेल, तर आधी इंटरनेट तोडावे आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. पैसे गेले असल्यास बँकेला कळवून सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते गोठवता येण्याची शक्यता राहते.