एकाच जपानी आडनावाच्या नामवंतांची सूची कशी करावी

व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबले की पुढच्या गाडीच्या पाठीवर ‘सुझुकी’ हा शब्द हमखास दिसतो. आमच्या नागपूरच्या छोट्या वाचनालयाने जपानी व्यक्तींची चरित्रसूची करायला घेतली, तेव्हा पहिले आडनाव निवडायला फारशी चर्चा झाली नाही ती त्यामुळेच. सातो आणि सुझुकी ही जपानमधील सर्वांत जास्त प्रचलित आडनावे असल्याने या एका आडनावाखाली पंतप्रधान, रसायनशास्त्रज्ञ, चित्रकार, जलतरणपटू, व्हायोलिनचे गुरुजी आणि झेन आचार्य असे सगळेच सापडतात, आणि नवख्या सूचीकाराच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकाही येथेच घडून जातात. पुढील मार्गदर्शन सुझुकी या आडनावाच्या आधारे केले असले तरी तानाका, वातानाबे किंवा यामामोतो घेऊनही हीच पद्धत वापरता येईल.

सर्वप्रथम आडनावाची ओळख त्याच्या उच्चारावरून नव्हे, तर जपानी लिपीतील चिन्हांवरून पटवून घ्यावी. देवनागरीत सारखी किंवा जवळपास सारखी दिसणारी दोन आडनावे मुळात अगदी वेगळी असू शकतात. ‘ओनो’ हे आडनाव दीर्घ ‘ओ’ने सुरू झाले तर त्याच्या चिन्हांचा अर्थ मोठे माळरान होतो आणि ऱ्हस्व ‘ओ’ने सुरू झाले तर लहान माळरान, मराठीत मात्र दोन्ही एकाच अक्षराने लिहिली जातात. विदर्भातील वाचकाला याहून जवळचे उदाहरण वर्ध्याचे आहे. निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजिई (१८८५–१९८५) १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले आणि आपल्याकडे ‘फुजी गुरुजी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यामुळे त्यांचे नाव फुजी पर्वतावरून पडले असावे असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्यांच्या आडनावातील चिन्हे एका फुलवेलीची आणि विहिरीची आहेत, पर्वताच्या नावाशी त्यांचा संबंध नाही. नागपुरात सर्वांच्या परिचयाचे ‘ससाई’ हे आडनाव आणि जपानमध्ये सर्रास आढळणारे ‘सासाकी’ हीदेखील दोन वेगळी आडनावे आहेत, आणि घाईत लिहिणारा एकाच्या जागी दुसरे लिहून मोकळा होतो.

सुझुकीच्या बाबतीत सुदैवाने चिन्हांचा गोंधळ फारसा नाही, कारण बहुतेक सगळे सुझुकी एकाच जोडीने लिहितात: पहिले चिन्ह घुंगरासारख्या लहान घंटेचे आणि दुसरे झाडाचे. मात्र यावरून ‘घुंगरांचे झाड’ असा अर्थ सूचीत लिहून टाकू नये. हे आडनाव दक्षिणेकडील कुमानो प्रदेशातून पसरले आणि कापणीनंतर खांबाभोवती रचून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्यांना तिकडे जो शब्द होता त्यावरून ते आले, असे सामान्यतः मानले जाते. चिन्हे केवळ उच्चारासाठी जोडली गेली. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी ‘धानाचे पुंजणे’ एवढे दोन शब्द पुरतात. आमच्या कार्डावर आम्ही तेच लिहिले आहे, आणि संपूर्ण सूचीत मला सर्वांत आवडणारी नोंद तीच आहे.

यानंतर नावांचा क्रम एकदाच ठरवून टाकावा. जपानी माणूस आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर सांगतो, इंग्रजी पुस्तके हा क्रम उलटवतात, आणि मराठी वर्तमानपत्रे बहुतेकदा इंग्रजीचा क्रम उचलतात. जपान सरकारने २०२० पासून आपल्या रोमन लिपीतील सरकारी कागदपत्रांतही आडनाव आधी लिहिण्याचा निर्णय घेतला असल्यामुळे जुन्या आणि नव्या साधनांत एकाच व्यक्तीचे नाव दोन तऱ्हेने दिसते. आपल्याला हे अवघड जाऊ नये, कारण शाळेच्या दाखल्यावर आणि हजेरीपटावर आपलेही आडनाव आधीच येते. सूचीत ‘सुझुकी, उमेतारो’ असा स्वल्पविराम देऊन लिहिले की शंकेला जागा उरत नाही.

आता कार्ड. आम्ही अजूनही पोस्टकार्डाच्या आकाराची जाड कार्डे वापरतो. संगणकावर करणाऱ्यांनी प्रत्येक ओळीसाठी वेगळा रकाना ठेवावा. पहिल्या ओळीत आडनाव आणि नाव, दुसरीत जन्म-मृत्यूची वर्षे, तिसरीत व्यवसाय, आणि चौथ्या ओळीत त्या व्यक्तीला इतर सर्व सुझुकींपासून वेगळे करणारी एकच गोष्ट लिहावी. उदाहरणार्थ, उमेतारो सुझुकींचे कार्ड असे आहे: ‘सुझुकी, उमेतारो, १८७४–१९४३, कृषिरसायनशास्त्रज्ञ, १९१० साली तांदळाच्या कोंड्यातून बेरीबेरी रोखणारा घटक वेगळा केला, ज्याला आज आपण जीवनसत्त्व ब-१ म्हणतो.’ चौथी ओळ लिहिताना ‘थोर शास्त्रज्ञ’, ‘जगप्रसिद्ध व्यक्तिमत्त्व’ असे शब्द कटाक्षाने टाळावेत, कारण ते कोणत्याही सुझुकीला लागू पडतात आणि म्हणून ओळख पटवण्याच्या कामी निरुपयोगी ठरतात.

चौथ्या ओळीचे महत्त्व मला एका फजितीने शिकवले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने आम्ही वाचनालयाबाहेर एक भित्तिपत्रक लावले होते, त्यात झेन विचार पाश्चात्त्य जगापर्यंत पोहोचवणाऱ्या दाइसेत्सु तेइतारो सुझुकी (१८७०–१९६६) यांच्यावर मी मोठ्या उत्साहाने मजकूर लिहिला आणि वर छायाचित्र चिकटवले ते शुनर्यू सुझुकी (१९०४–१९७१) यांचे. दोघेही झेनशी संबंधित, दोघांचेही कार्य अमेरिकेत गाजलेले, त्यामुळे माझ्या मनात शंकाही आली नाही. दीक्षाभूमीच्या पुस्तकांच्या दुकानांवरून वर्षानुवर्षे पुस्तके घेणारे इंदोरा वस्तीतले एक वृद्ध उपासक हात मागे बांधून बराच वेळ ते पाहत उभे राहिले आणि मग म्हणाले, “हे ते नाही नं भाऊ. ते गृहस्थ होते, हे तर मुंडण केलेले भिक्खू दिसून राहिले.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दाइसेत्सु हे लेखक आणि प्राध्यापक, विवाहित गृहस्थ, म्हातारपणीच्या छायाचित्रांत त्यांच्या दाट भुवया चटकन नजरेत भरतात. शुनर्यू हे सोतो झेन पंथाचे दीक्षित आचार्य, ज्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत साधनाकेंद्र उभारले. तेव्हापासून एकाच क्षेत्रातले दोन सुझुकी आले की दोघांच्याही कार्डांवर ‘यांना अमुक यांच्याशी गल्लत करू नये’ अशी पाचवी ओळ आम्ही घालतो.

काही वेळा पाचवी ओळसुद्धा पुरत नाही, कारण नावासकट सगळे जुळते. शुनइची सुझुकी नावाचे एक गृहस्थ १९७९ ते १९९५ या काळात टोकियोचे राज्यपाल होते. त्यांचे आयुष्य १९१० ते २०१० असे जवळजवळ शंभरीचे. त्याच नावाचे, नावातील चिन्हेही तीच असलेले दुसरे शुनइची सुझुकी १९५३ साली जन्मले आणि २०२१ ते २०२४ मध्ये जपानचे अर्थमंत्री होते. दोघेही राजकारणातले असल्यामुळे व्यवसायाची ओळ येथे काहीच मदत करत नाही. अशा वेळी जन्मवर्ष शीर्षकातच, म्हणजे नावाच्या लगेच पुढे लिहावे आणि दोन्ही कार्डे एकापाठोपाठ लावावीत. व्हायोलिन शिकवण्याच्या पद्धतीसाठी ओळखले जाणारे शिनइची सुझुकी (१८९८–१९९८) यांचे नावही असेच फसवे आहे, कारण एकोणिसाव्या शतकात याच उच्चाराच्या नावाचे दोन छायाचित्रकार, सासरा आणि जावई, होऊन गेले.

सासरा-जावई म्हटल्यावर नात्यांचा विषय आला, आणि येथे थोडे थांबावे लागेल. एक आडनाव म्हणजे एक घराणे, हा आपल्या मनातला समज सर्वांत आधी बाजूला ठेवावा. विदर्भात राऊत किंवा देशमुख वेगवेगळ्या समाजांत आढळतात आणि त्यांच्यात नाते असेलच असे आपण धरत नाही. जपानबाबतही तेच करावे. तेथे सामान्य रयतेला आडनाव उघडपणे लावण्याची मुभा १८७० साली मिळाली आणि १८७५ साली ते सक्तीचे झाले, त्यामुळे असंबंधित कुटुंबांनी एकच आडनाव लावलेले असणे मुळीच नवलाचे नाही. १९४५ सालच्या एप्रिलपासून ऑगस्टमधील शरणागतीपर्यंत पंतप्रधान असलेले नौदलाधिकारी कान्तारो सुझुकी आणि १९८० ते १९८२ या काळातील पंतप्रधान झेन्को सुझुकी हे एकाच आडनावाचे दोन पंतप्रधान, पण एका घरचे नव्हेत. सोल येथील १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर बॅकस्ट्रोकचे सुवर्णपदक जिंकणारे दाइची सुझुकी आणि लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पदके मिळवणाऱ्या सातोमी सुझुकी यांना ‘जलतरणपटू बहीण-भाऊ’ ठरवण्याचा मोह आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याला झाला होता. दोघांच्या वयात चोवीस वर्षांचे अंतर आहे हे वर्षांची ओळ भरताना त्याच्या लक्षात आले.

उलट जेथे नाते खरोखर आहे तेथे ते स्पष्ट लिहावे, आणि कोणत्या प्रकारचे आहे तेही लिहावे. वर सांगितलेले अर्थमंत्री शुनइची हे झेन्को यांचे पुत्र आहेत, टोकियोचे राज्यपाल शुनइची मात्र त्यांचे कोणी नव्हेत. झेन्को यांची कन्या पुढे पंतप्रधान झालेल्या तारो आसो यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि तिचे आडनाव बदलले, कारण जपानी कायद्यानुसार पती-पत्नींना एकच आडनाव घ्यावे लागते. कायदा कोणाचे घ्यावे हे सांगत नाही, पण प्रत्यक्षात बहुसंख्य वेळा पत्नीचेच बदलते, आणि म्हणून केवळ आडनावावर विसंबलेली कोणतीही सूची स्त्रियांच्या बाबतीत लंगडी राहते. लग्नानंतर सुझुकी झालेल्या आणि लग्नामुळे सुझुकी न राहिलेल्या, अशा दोन्ही स्त्रियांसाठी आम्ही ‘पाहा’ असे दुवा देणारे कार्ड घालतो.

पुरुषाने पत्नीचे आडनाव घेतल्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या रस्त्यांवर धावते आहे. मिचिओ सुझुकी (१८८७–१९८२) यांनी १९०९ साली हामामात्सु येथे माग बनवण्याचा कारखाना काढला, त्याचीच पुढे मोटार कंपनी झाली. भारतात मारुतीशी करार करून १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० बाहेर आणणारे ओसामु सुझुकी (१९३०–२०२४) हे जन्माने मात्सुदा. मिचिओ यांच्या नातीशी विवाह झाल्यावर ते दत्तक जावई म्हणून सुझुकी घराण्यात आले. आपल्याकडच्या घरजावयाशी याची तुलना करू नये, कारण घरजावई सासरी राहिला तरी त्याचे आडनाव तेच राहते, शिवाय त्या शब्दाला आपल्याकडे किंचित टोमणाही चिकटलेला असतो. जपानी दत्तक जावई कायद्याने त्या घरचा मुलगा होतो आणि उद्योगघराण्यांत ही मोठ्या विश्वासाची जागा समजली जाते. ओसामु यांना भारत सरकारने मरणोत्तर पद्मविभूषण दिल्यामुळे त्यांचे कार्ड आमच्याकडे सर्वाधिक वेळा बाहेर निघते.

काही माणसे आडनावाने ओळखलीच जात नाहीत, आणि ती सूचीतून नेमकी निसटतात. बहुरंगी लाकडी ठशांच्या छपाईला १७६५ च्या सुमारास बहर आणणारे चित्रकार सुझुकी हारुनोबु कलेच्या पुस्तकांत केवळ ‘हारुनोबु’ असतात. २००४ साली अमेरिकेतील मुख्य बेसबॉल स्पर्धेच्या एका हंगामात २६२ हिट्सचा विक्रम करणाऱ्या इचिरो सुझुकी यांच्या जर्सीवरही ‘इचिरो’ एवढेच असे. या दोघांची मुख्य नोंद सुझुकीखाली करून ‘हारुनोबु’ आणि ‘इचिरो’ या शब्दांखाली दुव्याचे कार्ड ठेवावे.

वस्तू, पद्धती आणि स्थळे यांना व्यक्तींच्या सूचीत येऊ देऊ नये. एम.एस्सी. रसायनशास्त्राचा विद्यार्थी ‘सुझुकी अभिक्रिया’ मागायला येईल, तेव्हा त्याला २०१० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी आकिरा सुझुकी यांचे कार्ड द्यावे आणि अभिक्रियेची नोंद त्याच कार्डावर करावी. ‘सुझुकी पद्धती’ म्हणजे शिनइची यांची व्हायोलिनची पद्धती. मोटारशर्यतींच्या मैदानासाठी प्रसिद्ध असलेले सुझुका हे मात्र गावाचे नाव आहे, आणि गंमत म्हणजे ते मैदान होंडाने बांधलेले आहे.

कार्डांची क्रमवारी कशी लावावी यावर फार वेळ घालवू नये. आडनाव सगळ्यांचे एकच असल्यामुळे नावाच्या देवनागरी वर्णक्रमाने लावली की झाले. फक्त दीर्घ-ऱ्हस्वाचा नियम सुरुवातीलाच ठरवून पहिल्या कार्डाच्या मागे लिहून ठेवावा, अन्यथा ओसामु आणि ओसामू असे दोन गृहस्थ तयार होतात. आमच्या पेटीत ते तयार झालेही होते, आणि दोघांनाही पद्मविभूषण मिळालेले होते.