दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना या चुका टाळा

काटोलकडून संत्री भरलेला ट्रक नागपूरच्या दिशेने ५५-६०ने चाललाय, समोर कोणी दिसत नाही, म्हणून गाडी उजवीकडे काढली. गणित चुकतं ते इथेच. समोर गाडी नाही एवढं पुरत नाही. रिकामा रस्ता किती लांब दिसतोय ते पाहावं लागतं.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी ८० किमी वेगाला ओव्हरटेकसाठी ४७० मीटर दृष्टिअंतर, म्हणजे समोर स्वच्छ दिसायला हवा तेवढा रस्ता, धरलंय. ६०ला ३०० आणि १००ला ६४०. ८०ला निर्णय घेण्यापासून परत डाव्या लेनमध्ये येईपर्यंत सुमारे १२.५ सेकंद जातात, म्हणजे जवळपास २८० मीटर. उरलेले १९० मीटर समोरून ८०नेच येणाऱ्या गाडीचे, तेही फक्त ८.५ सेकंदांचे, कारण सुरुवातीचा एक तृतीयांश वेळ आपल्याला मागे हटता येतं असं गृहीत आहे. समोरचा १००ने येत असेल तर आणखी ४५-५० मीटर हवेत.

डोळ्याने ४७० मीटर कोणालाच मोजता येत नाहीत. किलोमीटरच्या दगडांमधले २, ४, ६, ८ आकड्यांचे छोटे दगड दर २०० मीटरला असतात. ८०ला तसे अडीच टप्पे स्वच्छ दिसले पाहिजेत.

ट्रकच्या ढुंगणाला चिकटू नका. पाच मीटरवरून फक्त त्याचा फाळका दिसतो. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर थोडं उजवीकडे सरकताच रस्ता उघडतो, आणि वेग घ्यायलाही जागा मिळते. गिअर बाहेर निघण्याआधीच खाली घ्या. पाचव्यात ६०वर गाडी ओढत नाही, त्यात पाच माणसं आणि एसी असेल तर विचारूच नका.

सरळ रस्ताही फसवतो. नाल्यावरच्या पुलापाशी रस्ता खाली उतरून पुन्हा चढतो, तेव्हा पलीकडचा चढ दिसतो, पण खोलगटात दडलेली मोटारसायकल दिसत नाही. मानकात डोळ्याची उंची १.२ मीटर धरली आहे. त्या उंचीवरून जाणाऱ्या नजरेच्या रेषेखालचं, खोलगटातलं सगळं गायब.

पुढच्याच्या उजव्या इंडिकेटरला ‘जा’ समजू नका. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर ती शेताकडे वळणार असते, बहुतेकदा इंडिकेटर न देताच.

रात्री एकच दिवा दिसला तर तो एक दिवा गेलेला ट्रक समजा. आणि आपण निघाल्यावर मागचाही लगेच निघतो, त्यामुळे परत मागे यायची जागा बुजते. आरसा आधी बघा. तरी समोरून कोणी आलाच आणि आपण ट्रकच्या मागच्या चाकांपलीकडे गेलो नसू, तर ब्रेक लावून मागे या.